आर्डिथ उबेनचा गुडघा

पेटकम गावात शिरताना रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे. वस्ती सहाशेच्या आतबाहेर, पण पाटी चांगली दाराएवढी. तिच्यावर लिहिलंय: 'मुलींचं बास्केटबॉल, राज्य उपविजेत्या, १९५६'. ऊन-बर्फानं अक्षरं फिकी पडली की कोणीतरी शिडी लावून ती पुन्हा रंगवतं. उपविजेतेपदाची एवढी मोठी पाटी कशाला, असं बाहेरच्या पाहुण्यानं विचारलं तर गावकरी त्याला आर्डिथ उबेनच्या गुडघ्याची गोष्ट सांगतात. मग पाहुणा पुढे काही विचारत नाही.

गोष्ट अशी. त्या काळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलींचा खेळ वेगळा होता. एका बाजूला सहा जणी. तिघींनी फक्त बास्केट करायच्या, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मैदानाची मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. आर्डिथ अडवणारी. शाळेच्या सगळ्या वर्षांत तिनं एकाही सामन्यात बास्केटच्या दिशेनं चेंडू फेकला नाही. तिला तशी मुभाच नव्हती. छप्पन्न साली पोरी राज्य स्पर्धेला राजधानीत, डी मॉइनला गेल्या तेव्हा पेटकम ओस पडलं होतं. दुकानांना कुलपं, शाळेला सुट्टी, पाद्रीबुवासुद्धा मोटारीत बसून गेलेले. गायींचं दूध काढायला शेजारच्या गावाहून माणसं आणली होती. उपांत्य सामन्यात आर्डिथचा उजवा पाय वाकडा पडला आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. गावच्या डॉक्टरनं आतल्या खोलीत नेऊन तो पट्ट्यांनी करकचून बांधला. कोच हॅगर्टी म्हणाले, "शेवटचा डाव तेवढा काढ, पोरी." ती लंगडत परत आली, समोरच्या ताडमाड पोरीपुढे हात पसरून उभी राहिली, आणि त्या पोरीला तिनं एकही बास्केट करू दिली नाही. पेटकम एका गुणानं जिंकलं. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आर्डिथ खुर्चीवर पाय टाकून बसली होती आणि पोरी हरल्या. पण गावाच्या लेखी खरा सामना आदल्या दिवशीचाच.

त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं आर्डिथ त्याच गावात राहिली. एनो उबेनशी लग्न झालं, डुकरं पाळली, एक मुलगा झाला, मर्लिन. आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं शाळेची बस चालवायला घेतली, ती केस पांढरे होईपर्यंत चालवली. काम बसून करायचं होतं, ते तिला बरं पडलं. पण तिला 'बसवाल्या आर्डिथ' असं कोणी म्हटलं नाही. किराण्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, मयताच्या घरीसुद्धा माणसं तिच्याकडे बघून तोच विषय काढायची. "काय आर्डिथ, गुडघा काय म्हणतो?" ती म्हणायची, "आहे जागेवर." लोक हसायचे, आणि विषय संपायचा. तिच्याशी बोलायचा दुसरा विषय लोकांपाशी नव्हता.

बसवर असताना तिनं एकदाच गावाला चिडवलं. शाळेचा संघ बाहेरगावाहून जिंकून आला की गावच्या वेशीवर अग्निशामक दलाचा बंब उभा असायचा. बंब पुढे, बस मागे, भोंगे वाजवत सगळ्या गावाला फेरी. एका वसंतात ती चार पोरांना वक्तृत्व स्पर्धेला घेऊन गेली होती. पोरं राज्यात पहिली आली. संध्याकाळी परत येताना वेशीवर काळं कुत्रंही नव्हतं. मागच्या सीटवर चौघं मुकाट बसलेली. आर्डिथनं बस घराकडे वळवायची ती मुख्य रस्त्यावर वळवली आणि भोंगा दाबून धरला. गावाला दोन फेऱ्या मारल्या. लोक हातात जेवणाचे चमचे घेऊन बाहेर आले. हार्म क्रूसा नुसत्या मोज्यांवर धावत आला. हा तिच्या वर्गातला, तेव्हा शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीचा, को-ऑपचा हिशेबनीस.

"आग कुठे लागली?"

"आग नाही. पोरं जिंकली."

"कोण पोरं? आज कुठे मॅच होती?"

"भाषणात जिंकली."

"भाषणात?" हार्म मोज्यांकडे बघत म्हणाला. "मग हे उद्या सांगितलं असतंस तरी चाललं असतं की!"

बसमधली पोरं पोट धरून हसत होती. आर्डिथला पुढे शाळेतून एक समजपत्र आलं, भोंग्याचा गैरवापर म्हणून. तिनं ते वाचून चुलीत टाकलं.

मुलींचा तो जुना खेळ नंतर बंद झाला, सगळीकडे पाच जणींचा आला. पेटकमची शाळाही शेजारच्या दोन गावांच्या शाळांत मिसळली. पण हिवाळा आला की गाव अजून बास्केटबॉलवरच जगायचं, आणि दोन हजार आठच्या हिवाळ्यात गावाचा जीव टेसा उबेनवर जडला होता. टेसा मर्लिनची मुलगी, आर्डिथची नात. अकरावीला, लांब हातांची, घरात अबोल आणि मैदानात सगळ्यांवर ओरडणारी. मर्लिन को-ऑपमध्ये ट्रक चालवायचा, आणि उरलेला सगळा वेळ मुलीला सरावाला न्यायचा, आणायचा, उन्हाळ्यात परगावच्या संघांमागे मोटार हाणायचा. लेकीला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल अशी त्याला आशा होती. ती आशा खोटी नव्हती. दोन कॉलेजांची माणसं येऊन तिचा खेळ बघून गेली होती.

फेब्रुवारीत, राज्य स्पर्धेला जायच्या निर्णायक सामन्याच्या तोंडावर, सरावात टेसाचा डावा गुडघा पिळला. जवळच्या वॉटर्लू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की स्नायुबंध अर्धा फाटलाय, महिना-दीड महिना विश्रांती हवी. त्याआधी खेळली तर कदाचित निभावेल, कदाचित पूर्ण तुटेल. नवा कोच तरुण होता, भला होता. तो म्हणाला, "निर्णय घरच्यांनी घ्यावा, मी आग्रह करणार नाही." पण 'कदाचित निभावेल' एवढे दोनच शब्द गावानं उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिथ कॅफेत पाव घ्यायला गेली तर हार्म आणि त्याची चौकडी टेबलाशी बसलेली.

"ये, ये," हार्म म्हणाला. "डॉक्टर आली आमची. नातीला औषध सांगितलंस की नाही?"

"कसलं औषध?"

"तेच. करकचून बांधायचं आणि उभं राहायचं! तुझ्या वेळी कुठे होती ती गुडघ्याच्या आतली छायाचित्रं काढणारी यंत्रं? आतलं काही दिसत नव्हतं, म्हणून तर खेळलीस."

"खरंय," आर्डिथ म्हणाली. "दिसत नव्हतं."

"तू नुसती तिच्यासमोर जाऊन बस. बाकी काही बोलू नकोस. तुला बघून पोरगी उठेल."

सगळे हसले. प्रेमानंच हसले. काउंटरवरच्या बाईनं पावाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाली, "आज राहू दे, सामन्याचा आठवडा आहे." आर्डिथ पाव घेऊन बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली, किल्ली न फिरवता. काचेवर वाफ धरली. गावाला तिची नात हवी होती यात वाईट काय, असं ती स्वतःला समजावत होती. पण 'तुला बघून पोरगी उठेल' हे वाक्य तिच्या मनातून जाईना.

टेसा त्या दिवसांत शाळा सुटली की आजीकडे यायची. सरावाला बसून नुसतं बघणं तिच्यानं होत नव्हतं. आर्डिथ तिचा पाय स्टुलावर ठेवायची, वर बर्फाची पिशवी, आणि चहा करायची. पेटकमचे लोक मूळचे जर्मनीच्या समुद्रकाठचे, चहाचे पक्के. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकला की कडेनं सायीचा चमचा, आणि ढवळायचं नाही.

"आजी," टेसा म्हणाली, "तुला तेव्हा किती दुखत होतं गं?"

"खूप."

"मग खेळलीस कशी?"

आर्डिथ बसली. हा प्रश्न तिला शेकडो वेळा विचारला गेला होता आणि त्याचं ठरलेलं उत्तर होतं: दात आवळून. तेच तोंडावर आलं होतं. पण समोर स्टुलावरचा तो सुजलेला गुडघा होता, आणि तो बघून तिला ते उत्तर देववेना.

"मजेत खेळले," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर तेवढी मजा मला पुन्हा कधी आली नाही. ती समोरची पोरगी माझ्याहून वीतभर उंच. तिला कुठे वळायचंय ते मला तिच्याआधी कळत होतं. पंधरा हजार माणसं ओरडत होती आणि मला ती पोरगी सोडून काही ऐकू येत नव्हतं."

टेसाचे डोळे चमकले. "म्हणजे खेळावंच."

"थांब. ऐकून घे. तू प्रश्न विचारलास तर सगळं उत्तर ऐक. त्याच्या पुढचं मला आजवर कुणी विचारलं नाही."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. मर्लिन लेकीला न्यायला आला होता. बूट झटकत तो आत आला, दोघींची तोंडं बघून दारातच थांबला. "काय झालं?"

"काही नाही. बस," आर्डिथ म्हणाली. "तूही ऐकलंस तर चालेल."

मग तिनं सांगितलं. छप्पन्नच्या वसंतात, सामन्यांच्याही आधी, तिला वॉटर्लूच्या एका रुग्णालयात नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. अर्ज तिनं स्वतः भरला होता, आईलासुद्धा नंतर सांगितलं होतं. लहान भावाला गोवर झाला तेव्हा घरी आलेली परिचारिका तिनं बघितली होती. तिचे गार, स्वच्छ हात, आणि कुणी रडलं तरी न घाबरणारा तिचा आवाज. तेव्हापासून तिला तेच व्हायचं होतं. उन्हाळ्यात ती बॅग घेऊन वॉटर्लूला गेली. तिथल्या मुख्य बाईंनी सगळ्या मुलींना जिना चढून वर यायला सांगितलं. वर खोल्या होत्या, नुसत्या खोल्या दाखवायच्या होत्या. आर्डिथ कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती आणि बाकीच्या पोरी कधीच वर पोचलेल्या. मुख्य बाई तिच्यासाठी खाली उतरल्या. पायरीवर तिच्या शेजारी बसल्या आणि गुडघा तपासला. म्हणाल्या, "पोरी, इथे दिवसभर उभं राहायचं असतं. हा पाय तुला ते करू देणार नाही. कोणी केलं हे?" आर्डिथ म्हणाली, "कोणी नाही, खेळताना झालं." बाई म्हणाल्या, "तुला कुणी विचारलं होतं का, तुला या पायाचं पुढे काय करायचंय म्हणून?"

"मग?" टेसानं विचारलं.

"मग काय. संध्याकाळच्या बसनं परत आले. आईला म्हटलं, मला तिथलं आवडलं नाही. कॅफेवाल्यानं मला बघितलं तर हाका मारून आत नेलं, ॲपल-पाय खाऊ घातला, सगळ्यांना म्हणाला, बघा, हिला आपलं गाव सोडवलं नाही! मला रडायचं होतं गं. पण एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर रडता येतं का?"

मर्लिन टोपी हातात धरून बसला होता. त्याच्या लहानपणी झोपताना बाप त्याला हीच गोष्ट सांगायचा, शेवटच्या डावाची. तो ती आपल्या मुलीला सांगत आला होता.

"आई, तू हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. मॅचचं विचारायचास."

"बाबांना माहीत होतं?"

"थोडं. त्याला वाईट वाटायचं, म्हणून मीच थांबवायचे."

"म्हणजे मी काय करू?" टेसा एकदम मोठ्यानं म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग जास्त होता. "मी खेळू नको, असं सरळ म्हण ना! आधी म्हणतेस मजा आली, मग हे सांगतेस!"

"दोन्ही खरं आहे, बाळा. त्याला मी काय करू?" आर्डिथ म्हणाली. "हॅगर्टी कोच वाईट नव्हते. डॉक्टर वाईट नव्हता. गावावर माझा राग नाही. पण त्या खोलीत पाचसहा मोठी माणसं होती आणि माझ्या पायाकडे बघून प्रत्येकाला फक्त शेवटचा डाव दिसत होता. मलासुद्धा. मी सतरा वर्षांची होते. तू खेळलीस तर मी पहिल्या रांगेत बसेन. नाही खेळलीस तरी तिथेच बसेन. पण माझ्याकडे बघून उठू नकोस. एवढंच."

मर्लिन उठला, म्हणाला, "तुझ्या पायऱ्यांवर बर्फ साठलंय," आणि फावडं घेऊन बाहेर गेला. पायऱ्या सकाळीच साफ झालेल्या होत्या. तरी तो बाहेर खरवडत राहिला, आणि आत दोघींना तो आवाज ऐकू येत राहिला.

टेसा त्या सामन्यात खेळली नाही. निर्णय तिनं स्वतः कोचला सांगितला, बापाला सोबत न घेता. ती साध्या कपड्यांत बाकावर बसली, प्रत्येक विश्रांतीत मैत्रिणींना पाणी देत होती, ओरडत होती. आर्डिथ ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत. संघ चार गुणांनी हरला. ती असती तर जिंकला असता, असं सगळ्यांना वाटलं, आणि बहुधा ते खरंही होतं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा टेसानं टॉवेल तोंडावर ओढून घेतला, आणि आर्डिथला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण ती गेली नाही.

गाव आठवडाभर रुसलं. कॅफेत आर्डिथ शिरली की टेबलाशी डुकरांच्या बाजारभावाच्या गोष्टी सुरू व्हायच्या. पावाचे पैसे पुन्हा घेतले जाऊ लागले. शेवटी हार्मच्या तोंडून निघालंच.

"आर्डिथ, राग मानू नकोस. पण तू काय सांगितलंस गं त्या पोरीला?"

"तिनं विचारलं ते सांगितलं."

"तुझ्या जिवावर आम्ही पन्नास वर्षं छाती काढून फिरतोय आणि तू..."

"हार्म," ती म्हणाली, "तू वर्गात माझ्या मागच्या बाकावर होतास. मला काय व्हायचं होतं, सांग बघू?"

टेबलावरच्या बाकीच्यांनी कपात बघितलं. "तू अडवणारी होतीस," तो शेवटी म्हणाला.

"शाबास," आर्डिथ म्हणाली, आणि तिला हसू आलं. हार्मलाही आलं, थोडं उशिरा. त्या दिवशी त्यानं तिचा पाव गाडीपर्यंत नेऊन दिला. एवढ्यावर ते मिटलं.

टेसाचं मात्र लवकर मिटलं नाही. एप्रिल संपेपर्यंत ती आजीकडे चहाला आली नाही. एका कॉलेजनं पत्र पाठवणं बंद केलं, दुसऱ्यानं चालू ठेवलं. एके दिवशी ती सायकलवरून आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "खडा मोठा टाक." पुढच्या वर्षी ती खेळली, चांगली खेळली, संघ गुणतक्त्यात मध्यावर कुठेतरी राहिला. कॉलेजात ती शिष्यवृत्तीशिवाय गेली, शेतीच्या हवामानाचं काहीतरी शिकायला. मर्लिननं त्यासाठी कर्ज काढलं आणि त्याबद्दल एक अक्षरही बोलला नाही.

त्यानं दुसरी एक गोष्ट केली. आईला मोटारीत घालून तो शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. इतकी वर्षं आर्डिथ ते टाळत होती, आणि गावानंही तिला कधी ते सुचवलं नव्हतं. त्या गुडघ्याला हात लावणं म्हणजे पाटी काढण्यासारखंच होतं. टेसा कॉलेजला गेली त्याच ऑगस्टमध्ये नवा गुडघा बसला. हार्म भेटायला आला तेव्हा म्हणाला, "जुना मागून घ्यायचा होतास, शाळेच्या कपाटात ठेवला असता." शिवलेला पाय धरून आर्डिथ एवढी हसली की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली.

घरी आल्यावर मर्लिन दर रविवारी दुपारी येऊ लागला, एकटाच. पूर्वी तो यायचा तेव्हा सामन्यांचं बोलणं व्हायचं. कोण जिंकलं, पुढचा सामना कुठे, टेसानं किती गुण केले. आता टेसा घरी नव्हती आणि पहिले काही रविवार मायलेकांना बोलायला काही सुचलंच नाही. दोघं चहा पीत, खिडकीबाहेर सोयाबीनचं पिवळं पडत गेलेलं शेत बघत. मर्लिन एकदोनदा हवामानावर बोलला. एकदा को-ऑप मोठ्या कंपनीत जाणार अशी कुजबुज आहे, आपली नोकरी राहील की नाही कळत नाही, असं म्हणाला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आर्डिथनं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

मग एका रविवारी, कप खाली ठेवत, पन्नाशीकडे झुकलेला तिचा मुलगा थोडा लाजत म्हणाला, "आई, तू आणि बाबा कुठे भेटलात गं पहिल्यांदा?"

"अरे, ती मोठी गंमत आहे," आर्डिथ म्हणाली. "त्याची डुकरीण आमच्या कोबीत शिरली होती. थांब, आधी चहा घे अजून."